पूर्ण मापाचा चेलो

३ ऑक्टोबर

धाकट्या,

अकरा वर्षांनी तुझं पत्र आलं, आणि त्यात ओळी चार. ‘चेलो न्यायला वीस तारखेच्या सुमारास येतो आहे. मुलीला शिकायचा आहे. तू कामावर असलीस तर किल्ली शेजारी ठेव. कळावे.’ विजेचं बिलसुद्धा माझ्याशी याहून जास्त बोलतं. मी बरी आहे, तू विचारलं नाहीस तरी सांगते. गुडघा कुरकुरतो, बाकी सगळं चालू आहे.

चेलोही बरा आहे. वीस वर्षांपूर्वी तू ठेवून गेलास तिथंच, मागच्या खोलीत, खिडकीपासून लांब, पेटीत उभा. तेव्हापासून त्याला कुणी हात लावलेला नाही.

आता तुझ्या मुलीचं. तुमच्या घरचं मला मावशीकडून कळतं तेवढंच कळतं, पण पुढच्या महिन्यात ती दहाची होईल हे मला पक्कं माहीत आहे. तुला बहुधा कुणी सांगितलं नसेल, तुझी बहीण गेली चौदा वर्षं पालिकेच्या संगीतशाळेत कारकून आहे. पोहण्याच्या तलावाच्या इमारतीत वरचा मजला, चार खोल्या. खाली पोरं पाण्यात उड्या मारतात आणि वर आमची पोरं तारा खरवडतात. वाद्यांची खोली माझ्या ताब्यात असते. कुणाला पाव चेलो द्यायचा, कुणाला अर्धा, कुणाला पाऊण, हे शिकवणाऱ्या बाईंच्या आधी मी सांगते. पोराला खुर्चीवर बसवायचं, चेलो छातीला टेकवायचा, डाव्या हाताचं पहिलं आणि चौथं बोट ताणायला लावायचं, की कळतं. दहा वर्षांच्या मुलीला अर्धा लागतो, फारच उंच असली तर पाऊण. पूर्ण मापाचा चेलो तिच्यापुढं ठेवलास तर मागं मुलगी बसली आहे हे कुणाला दिसणारही नाही. अठ्ठावीस वर्षं वाद्यवृंदात चेलो वाजवणाऱ्या माणसाला हे ठाऊक नाही? मला शेंडी लावू नकोस.

खरं कारण लिही. मग बघू.

आणि आईबद्दल एक अक्षर नाही. चार ओळींत तिला कुठं बसवणार म्हणा. ती गेली त्या दिवशी हॉस्पिटलच्या जिन्यात मी तुला जे बोलले, ते मी आजही मागं घेत नाही. दारात कुणाचंही पाऊल वाजलं की तिला तू आलास असं वाटायचं, आणि तू वर्षातून दोन दिवस यायचास, तेही परतीचं तिकीट खिशात घेऊन.

ताई


११ ऑक्टोबर

धाकट्या,

या खेपेला दोन पानं. राग आला की तुला शब्द सुचतात, हे लहानपणापासूनचं आहे.

लिहितोस, ‘आईचं मला सांगू नकोस. माझ्या संगीत महाविद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेच्या आदल्या दिवशी तिनं चेलो पुसायला काढला, चारही तारा एकदम सैल केल्या आणि माझं वाटोळं केलं.’ चारही तारा एकदम सैल करायच्या नसतात, हे आता मलाही माहीत आहे. चेलोच्या पोटात, तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या एका पायाखाली, बोटाएवढी जाड काठी उभी असते. तिला गोंद नाही, खिळा नाही. वरून तारांचा दाब आहे म्हणून ती उभी. दाब गेला की ती आत आडवी होते, आणि मग तारा पुन्हा कितीही ताणल्या तरी रिकाम्या पिंपासारखा आवाज येतो. तुझा तसा आला, तिघा परीक्षकांसमोर. वरच्या फळीला तडा गेला तो वेगळाच. पुढच्या वर्षी तू पास झालास, पण ज्या म्हाताऱ्या गुरुजींकडे शिकायचं म्हणून तू दिवस मोजत होतास ते तोवर निवृत्त झाले होते. सगळं पाठ आहे मला. पण चौतीस वर्षं झाली रे त्याला. तू सोळाचा होतास, आता पन्नाशीचा आहेस, आणि आई या जगात नाही. किती दिवस धरून बसणार?

खरं कारण तू अजूनही लिहिलेलं नाहीस. मग मीच एक खरं सांगते. चेलो घरी नाही. शाळेत आहे. एका विद्यार्थिनीला मी तो वाजवायला दिला आहे. जुना तडा पुन्हा नीट सांधून घेतला, आवाज चांगला आहे. १४ नोव्हेंबरला तिची परीक्षा आहे, बाहेरचे परीक्षक येतात. पास झाली तर गावाच्या वाद्यवृंदात तिला खुर्ची मिळेल. आमचा वृंद म्हणजे तुमच्यासारखा नव्हे. त्यात एक दंतवैद्य आहे, एक बसचालक आहे, दोघी निवृत्त शिक्षिका. पण चेलोच्या खुर्च्या तिथंही चारच, आणि पाच वर्षांत रिकामी झालेली ही पहिली.

चेलो तुझा आहे, मी नाही म्हणत नाही. बाबांनी तुझ्यासाठीच घेतला होता. फक्त १४ तारखेपर्यंत थांब.

कोण ती, हे विचारू नकोस. हट्टी आहे, उशिरा सुरुवात केली, आणि तिच्याकडे दुसरा चेलो नाही.

ताई


१९ ऑक्टोबर

धाकट्या,

शाळेत फोन करायची काय गरज होती?

मी डबा खायला गेले होते आणि फोन टिकटिक बाईंनी उचलला. त्या आमच्या चेलोच्या बाई. वय एकोणतीस, बसल्या जागी पायानं ताल मोजत असतात म्हणून पोरांनी ठेवलेलं नाव. तू विचारलंस, तो जुना चेलो कोण वाजवतं, आणि त्यांनी भोळेपणानं सांगून टाकलं, ‘आमच्या ताईच की! आमची सगळ्यात मोठी विद्यार्थिनी.’ मी परत आले तर मलाच म्हणतात, ‘ताई, तुमचे भाऊ एवढे मोठे वादक, आणि तुम्ही कधी बोलला नाहीत!’ माझ्या तोंडचं पाणी पळालं. समोर पाच पोरं उभी होती म्हणून हसले.

हो, मीच ती. हस पोटभर.

तीन वर्षं आणि चार महिने झाले. दर शनिवारी सकाळी साडेनऊला माझा तास असतो. माझ्या आधी एक आठ वर्षांचा मुलगा, जो दर आठवड्याला गजाला लावायची राळ हरवतो, आणि माझ्यानंतर जुळ्या बहिणी. काळ्या पट्टीवर कुठं बोट ठेवायचं ते कळावं म्हणून पोरांच्या चेलोला रंगीत चिकटपट्ट्या लावतात, तशा माझ्याही चेलोला होत्या, दीड वर्ष. पहिला हिवाळा तर दारात शेपटी अडकलेल्या मांजरासारखा आवाज यायचा. त्या जुळ्यांतली एक मला म्हणाली, ‘आजी, अंगठा दाबू नका, गळा आवळल्यासारखं होतं त्याला.’ तिचं बरोबर होतं. अंगठा सोडला आणि आवाज सुटला. त्या दिवशी मी वाद्यांच्या खोलीत जाऊन, सगळ्या पाव-अर्ध्या चेलोंच्या मधे उभी राहून रडले. आनंदानं. तुला हे लिहायची लाज वाटत होती, आता वाटत नाही.

तुला आठवतं तरी का, की आधी मी शिकत होते? बहुतेक नाही. तू नऊ वर्षांचा होतास. मी अकराव्या वर्षी याच शाळेत जुन्या मास्तरांकडे सुरू केलं, दोन वर्षं शिकले, पाऊण चेलोपर्यंत आले होते. मग तुलाही शिकायचं म्हणून तू हट्ट धरलास. शाळेचा नियम होता, एका घरात एकच वाद्य. मास्तरांनी दोघांना समोर बसवलं, दोघांचे हात बघितले आणि म्हणाले, ‘कान दोघांचेही चांगले आहेत. मुलाचा हात मोठा होईल.’ बाबा म्हणाले, ‘मग झालं तर.’ एवढंच. झालं तर. त्यानंतर चार वर्षं तुझा चेलो तासाला उचलून नेणारी मी होते, कारण तू लहान आणि पेटी जड.

तो नियम अजून आहे. दुसरं भावंड आलं की मी तो विसरते. आजपर्यंत अकरा वेळा विसरले, कुणी पकडलेलं नाही.

म्हणून सांगते, मला ती खुर्ची हवी आहे. मला आयुष्यात फार काही हवं नव्हतं, हे हवं आहे. आता तुझं खरं कारण लिही.

ताई


२८ ऑक्टोबर

धाकट्या,

लिहिलंस एकदाचं.

जूनमध्ये तुमच्या वाद्यवृंदानं आठ खुर्च्या कमी केल्या, त्यांत तुझी गेली. चेलो त्यांच्या मालकीचा, तो त्यांनी त्याच दिवशी सही घेऊन ठेवून घेतला. आता तुमच्या शहराच्या संगीतशाळेत चेलो शिक्षकाची एक जागा आहे, १६ नोव्हेंबरला निवड. आधी वाजवून दाखवायचं, मग नवख्या पोराला समितीसमोर शिकवून दाखवायचं. भाड्याचा चेलो आणलास, पण तो हातात बसत नाही. आपला चेलो एक तारखेला मिळाला तर दोन आठवडे मिळतील. चार महिने वाद्याशिवाय राहिलास. बायकोला ऑगस्टपर्यंत सांगितलं नव्हतंस, सकाळी घरातून निघून वाचनालयात बसायचास. इथपर्यंत वाचलं. मी खरंच उठले होते, पेटीचे पट्टे तपासायला.

मग पुढची ओळ वाचली. ‘तुझी ती हौस आहे. माझं पोट आहे.’

परत खाली बसले.

धाकट्या, चौपन्नाव्या वर्षी बोटांची सालं काढून घेणं याला हौस म्हणायचं असेल तर म्हण. तुझं पोट मोठं, मान्य. पण ‘तुझं काय, तुझं चालेल’ हे मी तेराव्या वर्षी ऐकलं आणि गप्प बसले. या खेपेला नाही बसणार. १४ तारखेच्या आधी चेलो देणार नाही.

आता दुसरी गोष्ट. ही मी तीनदा लिहून फाडली आहे.

तारा आईनं सैल केल्या नव्हत्या. मी केल्या.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी तू केस कापायला गेला होतास आणि आई दुकानात. चेलो खोलीत आडवा ठेवलेला. मी वीस वर्षांची होते, सात वर्षं चेलो वाजवला नव्हता. म्हटलं, एकदाच. घेतला मांडीत. जाड तार थोडी उतरलेली वाटली म्हणून खुंटी पिळली, ती सुटली. घाबरले. मग मला आठवलं, वाजवून झालं की गज सैल करून ठेवतात, त्याला विसावा मिळतो. वाटलं तारांचंही तसंच असेल. सगळ्या सोडाव्यात आणि पहिल्यापासून नीट लावाव्यात. चारही सोडल्या. घोडी पडली. आणि आत कुठंतरी टक् झालं.

मला ती काठी माहीत नव्हती, देवाशपथ. पण काहीतरी पडलं हे कळलं होतं. घोडी उभी केली, तारा चढवल्या, वरून सगळं होतं तसं दिसायला लागलं. गज लावून पाहिला नाही. पाहिला असता तर कळलं असतं, म्हणूनच पाहिला नाही. मी पेटी बंद केली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तू परत आलास तो चेहरा मला अजून दिसतो. मास्तरांनी बॅटरी लावून आत बघितलं आणि म्हणाले, कुणीतरी चारही तारा सोडल्या होत्या. तू ओरडलास, कुणी हात लावला? माझ्या तोंडून निघून गेलं, ‘आईनं काल पुसायला काढला होता.’ आई दारात उभी होती, हातात ओला टॉवेल. तिनं माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मग म्हणाली, ‘हो. धूळ बसली होती.’

त्यावर आम्ही दोघी पुन्हा कधीही बोललो नाही. तेवीस वर्षं एका घरात राहिलो, ती आजारी पडल्यावर मी तिला अंघोळ घातली, पण हा विषय नाही. आणि तू तिच्याशी बोलणं कमी-कमी करत नेलंस, ते मी रोज पाहत होते. हॉस्पिटलच्या जिन्यात मी तुला म्हणाले होते, ‘तुझ्या अबोल्यानं आई खचली.’ चोराच्या उलट्या बोंबा. पहिल्या पत्रात लिहिलं होतं की ते मागं घेत नाही. आता घेते.

हे वाचून तुला वाटेल, आता तरी ही लाजेनं चेलो देईल. त्याचाच विचार मी चार दिवस केला. देऊन टाकला तर मला हलकं वाटेल, पण ती आईची भरपाई होणार नाही, फक्त माझी सुटका होईल. म्हणून तेही नाही. दोन गोष्टी वेगळ्या ठेवते. चेलो १४ ला संध्याकाळी तुझा. आणि आईचं जे आहे त्याचं तू काय करायचं ते कर.

ताई


११ नोव्हेंबर

धाकट्या,

दोन आठवडे झाले, उत्तर नाही. टपालपेटी दिवसातून तीनदा उघडते. टपाल एकदाच येतं हे ठाऊक असून.

काल तू येऊन गेलास.

तलावाच्या रखवालदारानं सांगितलं. उंच माणूस, डावा खांदा जरा खाली, विचारत वर आला. साडेपाचला कार्यालय बंद करून मी तीन नंबरच्या खोलीत सराव करते. परीक्षा जवळ आली म्हणून टिकटिक बाईही थांबतात. तू दाराबाहेर वीस मिनिटं उभा होतास म्हणे. रखवालदारानं खुर्ची दिली, तू म्हणालास, ‘नको, मी बसत नाही.’ मग जिना उतरून गेलास.

म्हणजे तू ते ऐकलंस. त्या संथ रचनेत एक जागा आहे, डावा हात वरून खाली एका झेपेत आणायचा असतो, आणि मी दर वेळी करंगळीभर आधीच थांबते. काल सात वेळा थांबले. सातव्या वेळी बाई म्हणाल्या, ‘ताई, हात चुकला तर चुकू द्या, पण भिऊन आधीच थांबू नका.’ तेही ऐकलं असशील.

मला एक कळत नाही. चेलो तुझा होता, मधे फक्त एक दार होतं. ढकलून आत आला असतास आणि हात पुढं केला असतास तर मी दिला असता का? खरं सांगू, माहीत नाही. पण तू दार ढकललंच नाहीस. आता मी सारखी याचाच विचार करते की तू मला चार दिवस दिलेस, की माझ्या हातची वस्तूच तुला नकोशी झाली. पहिलं असेल तर मला ते पेलत नाही. दुसरं असेल तर समजू शकते. काहीही असो, दोन ओळी लिही. शिव्या लिही. ‘तू आईला खाल्लंस’ असं लिही, मी वाचेन. ही शांतता नको. आई ती कशी सहन करत होती देव जाणे.

रात्री जेवण जात नाही. सराव मात्र चुकवत नाही.

ताई


१५ नोव्हेंबर, गाडीत

धाकट्या,

अक्षर हलतंय, गाडी हलतेय म्हणून. शेजारच्या खिडकीच्या जागेवर चेलो बसला आहे, त्याचंही तिकीट काढलं. तपासनिसानं विचारलं, हे कोण? म्हटलं, माझा भाऊ. तो हसला नाही.

तुझं उत्तर आलं नाही. मी येते आहे. संध्याकाळी पाचला पोचेन. पत्ता मावशीकडून घेतला.

काल परीक्षा झाली. तीन परीक्षक. तुझ्यासमोर होते तेवढेच, हे आत जाताना माझ्या डोक्यात आलं. सुरुवातीच्या स्वरांना गज उड्या मारत होता, मधल्या बाई चष्म्यावरून बघायला लागल्या. मग संथ रचना. ती जागा आली. मी थांबले नाही. हात चुकला, पण पुढं गेला, थोडा वरच पडला, तिथून घसरून बरोबर जागी आला. कानाला ते बरंही वाटलं, मुद्दाम केल्यासारखं. शेवटी चष्म्याच्या बाई म्हणाल्या, ‘तुम्ही कधीपासून शिकताय?’ म्हटलं, मधे चाळीस वर्षांची सुट्टी धरून का न धरता?

पास झाले. काठावर, पण झाले. खुर्ची मिळाली, शेवटची, खांबामागची. तिथून वृंद चालवणारे गुरुजी दिसत नाहीत, शेजारच्या दंतवैद्याच्या गजाकडे बघून वाजवायचं. शाळेचा प्लायवुडचा चेलो वापरायला बाईंनी परवानगी दिली. तो एका स्वरावर कुत्र्यासारखा गुरगुरतो, मी तो स्वर हळूच उरकीन.

घरी येऊन चहा केला. पेटीकडे बघत बसले. तू आणायला येणार नाहीस हे मला कळून चुकलं होतं. उद्या तू त्या भाड्याच्या ठोकळ्यावर वाजवणार आणि पुन्हा एकदा तुझं वाद्य तुला दगा देणार. ते मी दुसऱ्यांदा होऊ देणार नाही. सरावाला तुला फक्त आजची संध्याकाळ मिळेल. ते माझ्यामुळं, मला ठाऊक आहे.

शिकवून दाखवायचं आहे ना, त्याबद्दल चौदा वर्षं दाराशी बसून मी जे पाहिलं ते सांगते. पोर आलं की लगेच गज देऊ नकोस. आधी खुर्चीची उंची बघ, पाय जमिनीला टेकतात का बघ. त्याचं नाव विचार आणि तास संपेपर्यंत विसरू नकोस. स्वतः वाजवून दाखवायचा मोह आवर. तू वाजवलंस की त्याचा धीर सुटेल. आणि तो चुकला की लगेच तोंड वाकडं करू नकोस. तुला ती सवय आहे.

दार उघडलंस तर पेटी आत ठेवते. नाही उघडलंस तर दाराबाहेर. हे पत्र पेटीतच असेल.

ताई


१६ नोव्हेंबर, तुमच्या संगीतशाळेबाहेरचा बाक

धाकट्या,

तू आत आहेस, मी बाहेर. तोंडानं मला जमत नाही, काल पाहिलंसच. म्हणून लिहिते.

काल दार तुझ्या बायकोनं उघडलं. मी नाव सांगायच्या आधीच तिनं पेटीला हात घातला आणि आत ओरडली, ‘अहो, ताई आल्या.’ तू स्वयंपाकघरातून आलास, माझ्याकडे बघितलंच नाहीस. खाली बसून पेटी उघडलीस, तारा लावल्यास. दीड तास वाजवलंस. तुझी मुलगी माझ्या शेजारी बसली होती, तिनं हळूच विचारलं, ‘आत्या, बाबांचा हा चेलो आजीनं बिघडवला होता ना?’ तुझा गज थांबला. मी म्हटलं, ‘नाही गं. मी. आजीनं काही केलं नव्हतं.’ मोठ्यानं म्हटलं, सगळ्यांनी ऐकावं असं. चौतीस वर्षांत पहिल्यांदा ते वाक्य माझ्या तोंडातून निघालं आणि छतही पडलं नाही.

मग तू पहिल्यांदा बोललास. ‘आई हो का म्हणाली?’

मी म्हटलं, ‘मला वाचवायला.’

तू म्हणालास, ‘आणि मला?’

 मी उघड्या पेटीचं झाकण लावून घेतलं. तू पुन्हा वाजवायला लागलास. आज सकाळी निघताना एवढंच म्हणालास, ‘पेटीचा खालचा पट्टा तू धर.’ मी धरला. बसमध्ये पेटी आपल्या दोघांच्या मधे उभी होती.

रात्रभर त्याच दोन शब्दांवर होते. आता उत्तर लिहिते. तुला कुणी वाचवलं नाही. आईनं एका पोराला पाठीशी घातलं आणि दुसऱ्याला आपल्यापासून तोडलं. तिला वाटलं असेल, मुलगा आहे, हुशार आहे, बाहेर जाईल, त्याचं निभेल. बाबांना माझ्याबद्दल वाटलं होतं तसंच. ती चुकली. पण ती एका क्षणात बोलून गेली, आणि मला तेवीस वर्षं मिळाली होती. रोज सकाळी मला ते खरं सांगता आलं असतं आणि तुला तुझी आई परत मिळाली असती. वेळ गेली म्हणून मी गप्प राहिले असं नाही. मला ती माझ्या एकटीची हवी होती. तू चेलो घेतलास, मग मी आई घेतली. हे मलाही आत्ता, लिहिताना कळतंय.

याला माफी नसते. मी मागतही नाही.

आत आता तुझाच नंबर लागला आहे. आपला चेलो आहे, भिंतीतूनही ओळखू येतो. तू फार सुंदर वाजवतोयस रे. मला कधी बोलता आलं नाही, जळायचे म्हणून.

बंद झालं. एक लहान मुलगी अर्धा चेलो घेऊन आत गेली. दार किलकिलं आहे. तू तिला विचारतो आहेस, ‘पाय टेकतात का तुझे?’

बाहेर आलास की हे पत्र तुझ्या हातात देईन. माझ्यासमोर वाच. वाचून होईपर्यंत मी इथंच उभी राहीन.

ताई